ढोल, ध्वज आणि पाय: पथकाचं वादन आणि रचना एकत्र कशी बसवायची

चार वर्षांपूर्वी आमच्या ढोल-ताशा पथकासाठी मी पहिली रचना, म्हणजे वाजवणाऱ्यांनी मैदानावर करायचा आकार, काढली ती कमळाची. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे आलेखाच्या कागदावर आठ पाकळ्या, मधोमध ताशे, बाहेरून ध्वज असं सगळं झोकात बसलं. ३६ ढोल, ९ ताशे, १२ ध्वज. मुलांनी तीन आठवडे घाम गाळला. कार्यक्रमाला लोक सपाट मैदानावर खुर्च्या टाकून बसले होते आणि त्यांना दिसली ती फक्त पुढची रांग. मागच्या पाकळ्या उमलत होत्या, मिटत होत्या, पण सगळं पुढच्या ढोलांच्या आड. त्यात पाकळी फिरवताना ढोलवाल्यांचं लक्ष पायांत गेलं आणि तिसऱ्या हाताला (ढोलाच्या ठेक्याच्या एकेका प्रकाराला 'हात' म्हणतात) ठेका घसरला. घरी आल्यावर आई म्हणाली, "वाजत होतं ते कुठून वाजतंय, तेच कळेना गं."

आईचं ते वाक्य मी मनाशी धरून ठेवलंय. बघणाऱ्याचा कान आणि डोळा एकाच मात्रेला एकाच जागी पोहोचला पाहिजे, आणि वाजवणाऱ्याच्या हाताला आणि पायाला एकाच वेळी अवघड काम द्यायचं नाही. पुढे जे काही लिहिलंय ते या दोन गोष्टी प्रत्यक्षात कशा आणायच्या त्याबद्दल आहे. नाशिकच्या ढोलाला आवाज कसा काढायचा हे कुणी शिकवायची गरज नाही. आपण कमी पडतो ते दाखवण्यात.

बघणारा कुठे आहे?

कागद हातात घेण्याआधी जागेवर जाऊन उभं राहा. अमेरिकेत ड्रम कोअर नावाचा प्रकार आहे. पितळी वाद्यं, ड्रम आणि ध्वज घेऊन दीडशेच्या आसपास मुलं फुटबॉलच्या मैदानावर चालत चालत दहा-बारा मिनिटांचा प्रयोग करतात. ड्रम कोअर इंटरनॅशनल ही त्यांची संस्था १९७१ ची, पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ ची. त्यांच्या रचना बघून आपण हरखून जातो: एक वर्तुळ वितळतं, त्यातून तिरपी रेघ निघते, रेघेचा बाण होतो. पण तिथे प्रेक्षक उंच पायऱ्यांवर बसलेला असतो. त्याला मैदान कागदासारखं वरून दिसतं.

आपला प्रेक्षक नाशिकच्या मेन रोडच्या फुटपाथवर मुलाला खांद्यावर घेऊन उभा असतो, किंवा जुन्या वाड्याच्या गॅलरीत. गॅलरीतले थोडे, फुटपाथवरचे हजारो. फुटपाथवरून खोली दिसत नाही, उंची दिसते. म्हणून रस्त्यावरच्या मिरवणुकीत जमिनीवरच्या आकारांवर वेळ घालवू नका. कोण उभं, कोण बसलेलं, ध्वज खांद्याला की आकाशात, रांग कुठे उघडते आणि कुठे मिटते, यावर रचना उभी करा. गोदाघाटावर गोष्ट वेगळी आहे. गुढीपाडव्याच्या आधी पाडवा पटांगणावर महावादन होतं तेव्हा लोक घाटाच्या पायऱ्यांवर आणि वरच्या रस्त्यावरही असतात, तिथे जमिनीवरचा आकार निदान अर्ध्या लोकांना दिसतो. तिथे तिरप्या रेघा वापरा. सरळ रांग समोरून भिंतीसारखी दिसते, तिरप्या रांगेतला प्रत्येक माणूस दिसतो.

ढोल, ताशाचा आवाज कुणीकडे जातो हेही याच वेळी बघून घ्या. ढोल कमरेला आडवा असतो, म्हणजे त्याची दोन्ही पानं (वाजवायची तोंडं) डावी-उजवीकडे. रस्त्याने चालताना हे आयतं जमून येतं, दोन्ही फुटपाथांना एकेक पान मिळतं. पण स्थिर वादनात मंचाकडे तोंड करून उभे राहिलात की टिपऱ्याचा (ढोल वाजवायच्या काठीचा) कडक आवाज शेजारच्याच्या कानात जातो आणि समोरच्याला नुसता घुमारा मिळतो. म्हणून स्थिर वादनात शेवटच्या जोरकस हाताला आम्ही सगळ्यांना अर्धवट वळवतो, टिपऱ्याचं पान प्रेक्षकाकडे. एकाच मात्रेला ३६ ढोल वळतात तेव्हा ते दिसतंही छान आणि आवाजही उघडतो. ताशाचं तोंड वर असतं, त्याला वळवून काही मिळत नाही. त्याला मोकळी जागा द्या.

तक्ता: कान, डोळा, पाय

आमचं स्थिर वादन सहा मिनिटांचं असतं, लय मिनिटाला ९६ मात्रा. म्हणजे ५७६ मात्रा, सोळा-सोळाचे ३६ गट. फुलस्केप कागदावर ३६ ओळी आखायच्या आणि तीन रकाने: कान, डोळा, पाय. प्रत्येक रकान्यात एक ते तीन आकडा. साधा ठेका असेल तर कान एक, नवा अवघड तोडा असेल तर तीन. ध्वज शांत असतील तर डोळा एक, सगळे एकदम फिरत असतील तर तीन. जागेवर उभे म्हणजे पाय एक, रचना बदलत असेल तर तीन.

आता ओळी वाचत जा. कान आणि पाय दोन्ही तीन असतील ती ओळ मोडेल. सरावात नाही मोडली तरी रस्त्यावर, चौथ्या तासाला, पाऊस पडून पानं सैल झाल्यावर मोडेल. तिथे पाय एक करा. हे काही दुबळेपणाचं लक्षण नाही. ड्रम कोअरवाले महिनोन्महिने तेच करतात, तरी त्यांच्याकडे सगळ्यात मोठ्या सुरावटीला एका जागी पाय रोवून वाजवायची पद्धत आहे. 'पार्क अँड बार्क' म्हणतात त्याला. गाडी लावा आणि गर्जा, असं काहीसं.

कान आणि डोळा दोन्ही तीन असलेली ओळ मात्र चालते, कारण तिथे काम वेगवेगळ्या माणसांचं असतं. फक्त अशा ओळी सहा मिनिटांत तीनच ठेवा. जास्त झाल्या की लोकांना कशाकडेच बघवत नाही. आणि कान एक, डोळा एक, पाय एक अशी निदान एक ओळ असू द्या. पहिल्यांदा ही ओळ लिहिताना हात अडखळतो, वाटतं लोक उठून जातील. जात नाहीत.

ड्रम कोअरच्या स्पर्धेत शंभरपैकी ३० गुण संगीताला, ३० दृश्याला आणि तब्बल ४० गुण एकूण परिणामाला असतात. संगीत आणि दृश्य मिळून बघणाऱ्यावर काय घडतं, त्याचे ते ४०. मला ही वाटणी फार पटते. आपल्याकडे पथकं ढोलांची संख्या मोजतात. १८ ढोलांचे ३६ केले तर आवाज जेमतेम तीन डेसिबलने वाढतो. ऐकणाऱ्याला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट ढोल लागतील, ते काही कुणाकडे नसतात. त्यापेक्षा ३६ पैकी २८ ढोल आठ मात्रा गप्प ठेवा. ते परत पडतील तेव्हा छातीत धडकी भरते, आणि त्यासाठी एक रुपया खर्च नाही.

कानाला ऐकू येतंय तेच डोळ्याला दाखवा

ताशे एकटे वाजणार असतील तर ते दिसले पाहिजेत. नऊ माणसं, गळ्यात लहानशी वाद्यं, आणि भोवती ३६ ढोल उभे. लोक ताशा ऐकतात आणि ढोलवाल्यांची तोंडं बघतात. आईची तक्रार नेमकी हीच होती. आता आम्ही ढोलवाल्यांना एका गुडघ्यावर बसवतो, ढोल जमिनीला टेकलेला, टिपरू पानावर आडवं. एकदम मधोमध नऊ ताशे उभे दिसतात. फक्त उठायला वेळ ठेवा. आमचा एक ढोल मी काट्यावर ठेवला तेव्हा साडेआठ किलो भरला. तो कमरेला बांधून उठायला चार मात्रा लागतात आणि श्वास जागेवर यायला आणखी चार. तक्त्यात आठ मात्रा लिहा. आम्ही सुरुवातीला चारच दिल्या होत्या आणि पहिली थाप दर वेळी विस्कटायची.

उठवतानाही मागून पुढे उठवा, रांगेरांगेने. लाट पुढे येते तशी प्रेक्षकाची नजर पुढे येते आणि शेवटची रांग उठली की पहिली थाप. त्या क्षणी त्याला कळतं की आता काहीतरी येणार, आणि ते येतं.

लेझीम असेल तर तिला शांत जागा द्या. लेझीम हे असं वाद्य आहे ज्याचा आवाज हालचालीतूनच निघतो. हात उघडला की छन, मिटला की छन. कान आणि डोळा तिथे वेगळे करताच येत नाहीत. पण ३६ ढोलांखाली ती गाडली जाते आणि मग मुलं नुसता व्यायाम करताना दिसतात. ढोल पूर्ण थांबवा, फक्त टोल (ठोकून वाजवायची धातूची तबकडी) चालू ठेवा, आणि बत्तीस मात्रा लेझीम. शाळेच्या पोरींना हे सांगावं लागत नाही, त्यांना आतूनच कळतं.

ध्वज उशिरा उघडतो

आता ध्वजाकडे जरा जवळून बघा, कारण बहुतेक पथकांचा घोळ इथे होतो. काठी वर जाते तेव्हा कापड लगेच वर जात नाही. काठी थांबल्यावर कापड पोहोचतं, मग उघडतं, मग सावकाश खाली बसतं. ध्वजधारी समेवर (पहिल्या मात्रेला) काठी उचलतो, आणि बघणाऱ्याला ध्वज उघडलेला दिसतो तो तिसऱ्या मात्रेला. थाप पडून गेलेली असते.

म्हणून ध्वजवाल्यांची मोजणी वेगळी लिहा. आमचं कापड सव्वा मीटर लांब आहे आणि ९६ च्या लयीत, आठाच्या मोजणीत, काठी सातव्या मात्रेला निघाली तर कापड पुढच्या एकला पूर्ण उघडतं. तुमचं कापड जाड असेल, काठी लांब असेल तर वेगळं निघेल. फोनवर चित्रण करा, सावकाश चालवून बघा, थाप ऐकू येते तेव्हा कापड कुठे आहे ते पाहा. एका संध्याकाळचं काम आहे. मुलांना आधी पटत नाही, आपण घाई करतोय असं वाटतं. त्यांना एकदा समोर बसवून दुसऱ्यांचं दाखवा. आमच्यातली एक मुलगी ते बघून म्हणाली, "ताई, आता ढोल ध्वजातून वाजतोय असं वाटतं." मग कुणी वाद घातला नाही.

गोदाघाटावर वारा नदीकडून येतो तेव्हा कापड काठीला गुंडाळतं. गुंडाळलं तर सोडवत बसू नका, तसाच पुढचा हात करा, बहुतेक वेळा ते आपसूक सुटतं.

आवाजही उशिरा पोहोचतो

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग. ऐकायला नगण्य वाटतं. पण ९६ च्या लयीत एक मात्रा सेकंदाच्या सुमारे सहा दशांशाची असते आणि जलद हातात तिचे चार तुकडे होतात. पथक ३४ मीटर लांब पसरलं की मागचा ऐकून वाजवतो, त्याचा आवाज पुढे यायला पुन्हा तेवढाच वेळ, म्हणजे एकूण दोन दशांश सेकंद. पुढच्याला वाटतं मागचे ओढतायत, मागच्याला वाटतं पुढचे पळतायत, आणि दोघंही प्रामाणिकपणे बरोबर वाजवत असतात. यावरून पथकात भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

स्थिर वादनात, प्रेक्षक एकाच बाजूला असेल तर ताशे मागे ठेवा. पुढच्या ढोलवाल्यांनी कुणाकडेही न बघता मागून येणारा ताशा ऐकून वाजवायचं. ताशाचा आवाज त्यांच्यापर्यंत आला, त्याच क्षणी त्यांची थाप पडली, आणि दोन्ही मिळून प्रेक्षकाकडे गेले. जे ताशांच्या आसपास किंवा मागे आहेत त्यांनी वादनप्रमुखाच्या हाताकडे बघायचं. पुढच्यांनी मागे वळून हात बघितला तर त्यांची थाप ताशाच्या आधी प्रेक्षकापर्यंत पोहोचते. ड्रम कोअरमध्येही पुढच्या बाजूला उभ्या वाद्यांना हेच शिकवतात, मागचं ऐका.

मिरवणुकीत प्रेक्षक दोन्ही बाजूंना असतो, तिथे हा उपाय लागू नाही. तिथे पथक आखूड ठेवा. चार-चारच्या रांगा, दोन रांगांत दीड मीटर. पाच रांगा ढोल, दोन रांगा ताशे (एकीत पाच), चार रांगा ढोल. सगळं मिळून पंधरा मीटर, आणि कुणीही ताशापासून आठ मीटरपेक्षा लांब नाही.

पाय

त्र्यंबक रोडला महाराष्ट्र पोलीस अकादमीत दीक्षांत संचलन होतं, त्याची चित्रणं मुलांना जरूर दाखवा. तेज चालीत मिनिटाला १२० पावलं, एक पाऊल ३० इंच. ताठ मान, एक टाच. पण ते पाऊल ढोलाला लावू नका. ३० इंच म्हणजे ७६ सेंटिमीटर, ढोल मांडीवर आदळतो. ड्रम कोअरचं नेहमीचं पाऊल पाच यार्डांत आठ, म्हणजे साडेबावीस इंच, ५७ सेंटिमीटर. वाद्य हातात असताना कमरेवरचं शरीर स्थिर राहावं म्हणून ते इतकं आखूड. आम्ही मैदानावर साडेचार-साडेचार मीटरवर फक्कीच्या रेघा मारतो आणि एका रेघेवरून दुसरीवर आठ पावलांत जायचं. दोन आठवड्यांत पायाला अंतर समजतं, मग फक्की लागत नाही.

रेघांनी जे चौकोन होतात त्यांचे कोपरे म्हणजे रांगोळीचे ठिपके. प्रत्येकाला एक नंबर आणि एक चिठ्ठी: पहिला ठिपका कुठला, सोळा मात्रांनी कुठला. परदेशात रचना काढायला 'पायवेअर' नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. मी घरी कॅरमच्या सोंगट्या मांडते. एक काळी म्हणजे चार ढोल, एक पांढरी म्हणजे एक ताशा, राणी म्हणजे वादनप्रमुख, बारा ध्वजांना काड्यापेटीतल्या काड्या. सोंगट्या सरकवताना दोघींची वाट एकमेकींना छेदते का ते लगेच दिसतं. दोन ढोलांमध्ये दीड मीटर हवंच, आणि रांगा एकमेकींतून आरपार जाणार असतील तर दोन मीटर. टिपरू मागे जातं तेव्हा शेजाऱ्याचं कोपर तिथे असता कामा नये.

वळणाचं गणित घरून करून जा. विसर्जन मिरवणुकीत मेहेर सिग्नलला काटकोनात वळावं लागतं. चारच्या रांगेत आतला जागेवर पाय मोजतो आणि बाहेरचा साडेचार मीटर त्रिज्येने फिरतो, म्हणजे सात मीटर. सोळा पावलांत फिरला तर पाऊल ४४ सेंटिमीटर, आरामात. तीच रांग सहाची केलीत तर बाहेरच्याला जवळजवळ बारा मीटर, सोळा पावलांत म्हणजे पाऊल ७४ सेंटिमीटर. तो धावतो, ठेका सोडतो, आणि नेमका तिथे सगळ्यांत जास्त गर्दी असते. सहाच्या रांगेला चोवीस पावलं द्या, किंवा वळणापूर्वी चारची करून घ्या. वळताना साधा पहिला हात वाजवायचा. तक्त्यातला नियम इथेही तोच: पाय तीन, म्हणून कान एक.

कपड्यांबद्दल थोडंच सांगते. भडक रंग एकाच गोष्टीला द्या. आमच्याकडे तो ध्वजाला आहे, म्हणून कपडे पांढरे आणि फेटे एकरंगी, फिकट. फेटे, शेले, ढोलाच्या दोऱ्या सगळंच भगवं-पिवळं केलं की ध्वज त्यात हरवतो.

शेवटच्या आठवड्यात

दोन चित्रणं करा. एक प्रेक्षकाच्या उंचीवरून, एक गच्चीवरून. आधी आवाज बंद करून बघा: सहा मिनिटांत कुठे नजर भरकटली ती वेळ लिहून ठेवा. मग डोळे मिटून ऐका, कुठे कंटाळा आला ते लिहा. दोन्ही यादीत एकच वेळ आली तर ती ओळ तक्त्यातून काढा आणि नवी लिहा. फक्त डोळ्याच्या यादीत आली तर बहुतेक वेळा काहीच वाढवावं लागत नाही, जे चाललंय त्यातलं एक काहीतरी थांबवावं लागतं. या आठवड्यात नवा तोडा कुणी सुचवला तर तो पुढच्या वर्षीच्या वहीत.

वाजवणाऱ्यांच्या कानात इअरप्लग हवेच, विशेषतः ताशेवाल्यांना. सरावालाही. यात मी कुणाचं ऐकत नाही.

आणि शेवटची थाप. ती पडल्यावर लगेच टिपरू खाली घ्यायचं नाही, कपाळ पुसायचं नाही, शेजाऱ्याकडे बघून हसायचं नाही. आवाज संपलेला असतो पण ध्वजाचं कापड अजून हवेत असतं. ते बसेपर्यंत सगळ्यांनी पुतळ्यासारखं उभं राहायचं. मैदानावर आम्हाला चार मात्रा लागतात, मनातल्या मनात मोजायच्या. यंदा घाटावर वारा होता. चार झाल्या, पाच झाल्या, कापड हलतच होतं. मी पायऱ्यांवरून बघत होते. सातव्या मात्रेला शेवटचा ध्वज काठीला लागला, आणि तोवर पहिल्या रांगेतल्या दहा वर्षांच्या मुलानेसुद्धा पापणी हलवली नव्हती.